एकटेपणाची कोंडी फोडणारा गट

जोडीदाराच्या हिंसेत मारहाणीइतकाच घातक भाग स्त्रीला एकटे पाडण्याचा असतो. माहेर, मैत्रिणी आणि हातातला पैसा हे सारे तुटले, की सुटकेची वाटच उरली नाही असे तिला वाटू लागते आणि आत्महत्येचा विचार बळावतो. अमेरिकेत अटलांटा येथील ग्रेडी या सार्वजनिक रुग्णालयात एमरी विद्यापीठाच्या मानसशास्त्रज्ञ नदीन कॅस्लो यांनी उभारलेला ‘निया’ प्रकल्प याच एकटेपणाला भिडतो. जोडीदाराची हिंसा सोसणाऱ्या आणि आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या, बहुतांशी गरीब आफ्रिकन-अमेरिकन स्त्रियांसाठी तो आखलेला आहे.

या स्त्रियांच्या मौनामागे इतिहास आहे. टस्कीगी येथे 1932 ते 1972 या काळात सिफिलिस झालेल्या कृष्णवर्णीय पुरुषांना उपचारांपासून वंचित ठेवून सरकारी अभ्यास चालला, त्यामुळे आरोग्यव्यवस्थेविषयीचा अविश्वास निराधार ठरत नाही. पोलिसांना बोलावल्यास आपल्या माणसाच्या जिवावर बेतेल ही भीती असते आणि कणखर स्त्रीने सारे निमूट सोसावे ही अपेक्षाही असते. म्हणून नियाच्या दहा बैठकींत सुरक्षिततेचे नियोजन, म्हणजे धोक्याच्या वेळी कोठे जायचे व कोणाला कळवायचे हे आधीच ठरवणे, शिकवले जाते आणि त्याला आफ्रिकी म्हणींची, कर्तबगार कृष्णवर्णीय स्त्रियांच्या उदाहरणांची व श्रद्धेची जोड दिली जाते.

2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात अशा 217 स्त्रियांची, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, नियाचा गट आणि नेहमीचे उपचार यांत विभागणी केली होती. नियातील स्त्रियांचे नैराश्य अधिक वेगाने ओसरले आणि वर्षानंतरही ते तुलनेने कमी राहिले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, पुन्हा हिंसा वाट्याला आली तेव्हाही त्यांच्यातील आत्महत्येच्या विचारांची तीव्रता कमी आढळली. हिंसा रोखण्यासाठी कायदा आणि निवारा लागतोच. परंतु हिंसेकडून मरणाच्या विचाराकडे जाणारी साखळी गटाच्या आधाराने सैल होऊ शकते, असे यातून दिसते.

मुंबईत वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात महानगरपालिका आणि ‘सेहत’ संस्थेने 2000च्या सुमारास सुरू केलेले ‘दिलासा’ केंद्रही रुग्णालयातच पीडितेपर्यंत पोहोचते. येथे गट उभारायचा, तर आफ्रिकी म्हणी उसन्या आणून भागणार नाही. घराण्याची अब्रू, माहेरी परतण्याचा संकोच आणि जातीचे दडपण यांविषयी स्त्रियांना आपल्या बोलीत बोलता आले पाहिजे. तोवर तातडीच्या मदतीसाठी ‘टेली-मानस’चा 14416 आणि महिला मदतवाहिनीचा 181 हे क्रमांक उपलब्ध आहेत.