धरण उशाला आणि बाटली हाताला

‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही म्हण शहापूर-मुरबाडच्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. शहापूर तालुक्यातील तानसा धरणाचे पाणी १८९२ पासून मुंबईला जात आहे. त्याच तालुक्यातील भातसा धरण आज मुंबईची सुमारे निम्मी तहान भागवते. मुरबाड तालुक्यातील बारवी धरण १९७२ साली औद्योगिक विकास महामंडळाने उभारले. कल्याण परिसरातील शहरे आणि कारखाने त्यावर अवलंबून आहेत. आणि याच दोन तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर दर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहिली जाते. पाऊस कमी पडतो म्हणून नव्हे. तो येथे धो धो कोसळतो. परंतु सह्याद्रीचा काळा पाषाण पाणी फारसे धरून ठेवीत नाही. उतारावरून ते वाहून जाते आणि मार्च-एप्रिलमध्ये विहिरींचा तळ दिसू लागतो.

या म्हणीला आता आणखी एक चरण जोडावा लागेल. एसटी स्थानकावर, ढाब्यावर, लग्नाच्या मांडवात, सभेच्या व्यासपीठावर बाटलीबंद पाणी येऊन बसले आहे. पाहुण्यापुढे तांब्या-भांडे ठेवण्याचा आपल्याला संकोच वाटू लागला आहे. ‘नळाचे पाणी चांगले नसते’ असे आपण सहज बोलून जातो. हे बोलणे कितपत खरे आहे, याचा थोडा विचार करणे अगत्याचे आहे.

प्रथम नळाच्या पाण्याकडे पाहू. धरणातील पाणी जसेच्या तसे नळाला येत नाही, निदान येऊ नये. भातसाचे मुंबईला जाणारे पाणी पिसे येथे उचलून पांजरापूर येथे शुद्ध केले जाते. अशा केंद्रात पाण्यात तुरटी मिसळतात. तुरटीमुळे मातीचे बारीक कण एकमेकांना चिकटून जड होतात व तळाशी बसतात. वरचे निवळ पाणी वाळूच्या थरांतून गाळले जाते आणि शेवटी त्यात क्लोरीन घालतात. क्लोरीनचे काम दुहेरी आहे. असलेले जंतू तो मारतोच. शिवाय थोडा शिल्लक राहून वाटेत पाण्याची राखण करतो. नळाच्या पाण्याला कधी कधी जो उग्र वास येतो तो या राखणदाराचा होय. तो वास म्हणजे घाण नव्हे. पाणी भांड्यात काही वेळ उघडे ठेवले की तो निघून जातो.

आता आपल्या गावाकडे वळू. ज्या गावात शुद्धीकरण केंद्र नाही तेथे विहिरीचे पाणी पंपाने टाकीत चढवतात आणि त्यात ब्लीचिंग पावडर, म्हणजेच टीसीएल, मिसळतात. हे काम ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाचे. हिशेब अगदी साधा आहे. पावडर चांगल्या प्रतीची असेल तर १,००० लिटर पाण्यास सुमारे २.५ ग्रॅम पुरते. म्हणजे ५०,००० लिटरच्या टाकीस १२५ ग्रॅम. पावडर बादलीभर पाण्यात कालवावी, चुना खाली बसू द्यावा आणि वरची निवळ टाकीत ओतावी. त्यानंतर निदान अर्धा तास पाणी सोडू नये. पावडरीचे पोते उघडे किंवा ओलसर जागी राहिले तर तिचा जोर ओसरतो. मग टाकीत पडते ती नुसती पांढरी भुकटी.

हे सर्व नीट झाले की नाही, हे कसे कळणार? शेवटच्या नळाच्या पाण्यात ओटी नावाच्या द्रावणाचे थेंब टाकावेत. पाणी पिवळे झाले तर क्लोरीन शिल्लक आहे, रंग आला नाही तर नाही. भारतीय मानकानुसार हे प्रमाण एका लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम असावे. हे समजण्यास शास्त्र शाखेची पदवी लागत नाही. गावाच्या पाण्याच्या स्रोतांचे वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि नंतर, सर्वेक्षण होते आणि ग्रामपंचायतीला लाल, पिवळे वा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे आहे, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे?

नळाच्या पाण्यात दोष असतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. पाणी दिवसातून तासभरच येत असेल तर उरलेला वेळ जलवाहिनी रिकामी राहते आणि फुटक्या जागेतून गटाराचे पाणी आत ओढले जाते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस या मज्जातंतूंच्या विकाराची साथ आली, तेव्हा हेच दिसून आले. तेथील काही गावांना विहिरीचे पाणी शुद्धीकरण केंद्रातून न जाता केवळ क्लोरीन मिसळून दिले जात होते. पण त्याच वेळी दुसरी गोष्टही उघड झाली. पाणी विकणाऱ्या खाजगी केंद्रांतील नमुन्यांतही जंतू सापडले आणि महापालिकेला अशी काही केंद्रे बंद करावी लागली. पैसे मोजले म्हणून पाणी शुद्ध होत नाही, हा त्यातला धडा.

बाटलीचा इतिहासही आपल्या जिल्ह्याशी जोडलेला आहे. बिसलेरीचे पाणी भारतात प्रथम १९६५ साली ठाण्यातील कारखान्यात भरले गेले. १९६९ साली पार्ले कंपनीने तो व्यवसाय विकत घेतला. बाटलीवर डोंगराचे चित्र असले तरी आतील पाणी बहुधा कूपनलिकेचे किंवा नळाचेच, गाळून व निर्जंतुक करून भरलेले असते. चांगल्या कारखान्यात हे काम चोख होते, यात शंका नाही. परंतु २००३ साली दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेला दिल्ली व मुंबईतील नामांकित बाटल्यांत कीटकनाशकांचे अंश आढळले होते. २०२४ साली अमेरिकेतील कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी बाटलीतील एका लिटर पाण्यात सरासरी सुमारे २,४०,००० प्लास्टिकचे सूक्ष्म कण मोजले. त्यांचा शरीरावर काय परिणाम होतो याचा अभ्यास चालू आहे. समारंभात येणारे थंड पाण्याचे जार तर बहुधा सीलबंदही नसतात. त्यातील पाणी कोठून आले हे विचारायचे कोणाला?

पैशाचा हिशेब पाहा. वीस रुपये लिटरने १,००० लिटर पाण्याचे वीस हजार रुपये होतात. पाड्यावरील मजुराच्या घरी ही चैन शक्य नाही. आणि खरा प्रश्न येथेच आहे. गावात ज्यांच्या शब्दाला वजन आहे अशी माणसे, म्हणजे शिक्षक, दुकानदार, पुढारी आणि शिकलेली मुले, जार विकत घेऊ लागली की टाकीत पावडर पडली की नाही हे विचारणारे कोणी उरत नाही. बाटली एका घराची सोय करते आणि गावाचा आवाज बंद करते. नळाचे पाणी वाईट असेल तर जाब विचारता येतो. ग्रामसभेत उभे राहता येते, शासकीय प्रयोगशाळेतील तपासणीचा अहवाल मागता येतो. जारवाल्याला असा जाब विचारण्याची जागा कोठे आहे?

म्हणून नळाचे पाणी डोळे मिटून प्यावे, असे मुळीच नाही. पाणी गढूळ असेल, साथ असेल किंवा क्लोरीनची खात्री नसेल तर ते गाळून खळखळून उकळावे. माठ रोज घासावा, झाकून ठेवावा आणि पाणी हात न बुडवता ओगराळ्याने काढावे. पूर आला, जलवाहिनी फुटली, तर बाटली जरूर घ्यावी. ती अडचणीतली सोय म्हणून ठीक. रोजचा रिवाज म्हणून नव्हे.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी जाहीर झालेल्या जलजीवन मिशनने दर माणशी दररोज ५५ लिटर शुद्ध पाणी नळाने देण्याचे वचन दिले आहे. ज्या तालुक्यांनी आपली खोरी बुडवून महानगरांची तहान भागवली, त्यांनी हे वचन पदरात पाडून घेण्यात कसला संकोच? पुढच्या ग्रामसभेला आपण जावे आणि दोनच प्रश्न विचारावेत: आज टाकीत टीसीएल किती टाकले, आणि शेवटच्या नळाला रंग पिवळा आला का?