सही करण्याआधी विचारा



ऑपरेशनच्या आधी दवाखान्यात एक कागद पुढे येतो. ‘इथं सही करा, नाहीतर अंगठा द्या.’ हे संमतिपत्र. पुष्कळदा नवरा किंवा सासूबाईच सही करतात. जिचं ऑपरेशन आहे, तिला कागदात काय लिहिलंय ते कुणी वाचूनही दाखवत नाही.

याच प्रश्नावर सर्वोच्च न्यायालयानं २००८ साली एक महत्त्वाचा निकाल दिला. ४४ वर्षांची एक बाई पाळीच्या तक्रारीसाठी डॉक्टरांकडे गेली होती. दुर्बिणीनं तपासायचं म्हणून तिला भूल दिली. ती बेशुद्ध असतानाच बाहेर बसलेल्या आईला विचारून तिची गर्भपिशवी आणि अंडाशय काढून टाकले. न्यायालय म्हणालं, ती सज्ञान होती आणि जिवाला तातडीचा धोका नव्हता. मग तिच्या वतीनं आईनं दिलेला होकार चालत नाही. शिवाय तपासणीला होकार म्हणजे अवयव काढायला होकार नव्हे.

तेव्हा सही करण्याआधी एवढं विचारा:

काय करणार आहात? कशासाठी? त्याचा फायदा काय? धोका काय? दुसरा उपाय आहे का? आणि केलंच नाही, तर काय होईल?

हे समजेल अशा भाषेत सांगणं डॉक्टरांचं काम आहे. जीव वाचवण्याची घाई असेल आणि पेशंट बोलू शकत नसेल, तर मात्र डॉक्टर संमतीसाठी थांबत नाहीत.

बीड जिल्ह्यात ऊसतोड करणाऱ्या अनेक बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं पुढं आलं, तेव्हा २०१९ साली सरकारनं चौकशी समिती नेमली. ‘नाही काढली तर कॅन्सर होईल’ या भीतीनं दिलेला होकार खरा मानायचा का? कागदावर सही असली तरी हा प्रश्न उरतोच.

असे प्रश्न अभ्यासणं हे काहींचं पूर्णवेळ काम आहे. आरोग्याचे कायदे आणि वैद्यकीय नीती हा त्यांचा विषय. नवं तंत्र आलं की नवा प्रश्न येतो. गर्भजल तपासणी आली आणि मुलींचे गर्भ पाडले जाऊ लागले. चळवळीतल्या बायकांनी, डॉक्टरांनी, वकिलांनी आवाज उठवला. त्यातून १९८८ साली महाराष्ट्रानं देशात सर्वांत आधी याविरुद्ध कायदा केला. देशाचा कायदा १९९४ साली आला. आज सरोगसी आहे, जनुकांच्या तपासण्या आहेत, औषधांच्या चाचण्या आहेत. माणसांवर चाचणी करायची तर आधी नीती समितीची परवानगी लागते. त्या समितीत डॉक्टरांबरोबर कायद्याची जाणकार व्यक्ती आणि एक सामान्य नागरिकही असावा लागतो.

आपल्या मुलींनाही ही वाट मोकळी आहे. बारावीनंतर सीईटी देऊन पाच वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम करायचा, पुढं एलएलएम, मग नेट किंवा पीएचडी. अशी मुलगी कॉलेजात शिकवते, संशोधन करते, कायद्याचा मसुदा तयार होताना मत मांडते. ऊसतोडीच्या फडावरचं जगणं जिनं पाहिलंय, तिचं मत तिथं फार मोलाचं ठरेल.

तोवर हे सहा प्रश्न बचत गटाच्या वहीत लिहून ठेवा. कुणाचं ऑपरेशन ठरलं, तर एक मैत्रीण सोबत जा. प्रश्न मात्र तिलाच विचारू द्या.