फुगवट्याकाठचं घर: पावसाळ्यात काय पाहायचं?

• फुगवटा: धरणाच्या भिंतीमागे पसरलेलं पाणी. तापोळ्याचा शिवसागर हा कोयनेचा फुगवटा. धरणाची साठवण क्षमता सुमारे 105 टीएमसी.

• दोन पातळ्या: पूर्ण संचय पातळीपर्यंत पाणी नेहमीच साठवतात, महत्तम पूर पातळी त्याहून वर. घराचं जोतं दुसरीच्या वर हवं. पाणी पूर्वी कुठवर आलं होतं, ती खूण ओळखायला सोपी: झुडपांत अडकलेल्या काटक्या, गवतावर वाळलेला गाळ.

• विसर्ग: धरणातून सोडलेलं पाणी, क्युसेकमध्ये मोजतात. 1 क्युसेक म्हणजे सेकंदाला सुमारे 28.3 लिटर. विसर्गाची बातमी धरणाखालच्या गावांसाठी. काठच्या घराने पाहायची ती पातळी.

• पाऊस (24 तासांत): 64.5 मिमीपासून जोरदार, 115.6 पासून अतिजोरदार, 204.4 च्या वर अत्यंत जोरदार.

• वीज: चमक आणि गडगडाट यांत 30 सेकंदांहून कमी अंतर असेल, तर ती साधारण 10 किमीच्या आत. पाण्यातून बाहेर, पक्क्या घरात. तंबू किंवा पत्र्याची उघडी शेड चालत नाही. शेवटच्या गडगडाटानंतर 30 मिनिटं आतच.

• होडी: दोर सैल ठेवायचा. रात्रीत पाणी चढलं की आखूड बांधलेली होडी एका बाजूला कलते आणि भरते.

• पाणी अंगणात आलं तर: पाय कोरडे असतानाच मेन स्विच बंद, सिलिंडरचा रेग्युलेटर बंद.