किलोचा आधार आणि रुपयाचा आधार

मंडळी, महागाईवर बोलायचं म्हटलं की आपण भावांची यादी वाचतो. आज यादी बाजूला ठेवू आणि एकच प्रश्न धरून चालू. किराणा महागला की भूक नेमकी कोणत्या वाटेने घरात शिरते?

इंझोरीच्या शिवारात, किंबहुना सगळ्या वाशिम जिल्ह्यात, मुख्य पिकं कोणती? सोयाबीन आणि तूर. तरी तेल आणि डाळ आपण दुकानातूनच आणतो. सोयाबीन दिवाळीच्या आगेमागे विकलं जातं, तूर उन्हाळ्याआधी. देणी फिटतात. मग आषाढ-श्रावणात, पेरणीत पैसा गेलेला असताना, तीच तूर डाळ होऊन दुकानाच्या भावाने परत येते. विकताना भाव दुसऱ्याचा, घेतानाही दुसऱ्याचाच!

अमर्त्य सेन यांनी 1981 च्या ग्रंथात 1943 च्या बंगालच्या दुष्काळाचा अभ्यास मांडला. त्यांचा निष्कर्ष असा, की अन्न कमी पडलं म्हणूनच माणसं मेली असं नाही. ते विकत घेण्याची मजुरांची ताकद संपली, म्हणून मेली. म्हणजे काय, तर कोठार भरलेलं असूनही माणूस उपाशी राहू शकतो. तेव्हा धान्य किती आहे, एवढंच विचारून भागत नाही. त्यावर कोणाचा हक्क पोचतो, हेही विचारावं लागतं.

आता रेशनकडे बघा. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या प्रत्येक माणसाला महिन्याला 5 किलो आणि अंत्योदय कुटुंबाला 35 किलो धान्य ठरवून दिलं. जानेवारी 2023 पासून ते मोफत आहे. हा आधार वजनात आहे. बाजारात गहू कितीही चढो, 5 किलो हे 5 किलोच राहतात. पण यात डाळ नाही, तेल नाही. म्हणून हल्लीची भूक ताट रिकामं करत नाही, वरण पातळ करते. पोट भरतं, अंग भरत नाही.

दुसरा आधार रुपयांत आहे. अमरावती विभाग, मराठवाडा आणि वर्धा अशा 14 जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकऱ्यांना 2015 पासून 2 रुपये किलो गहू आणि 3 रुपये किलो तांदूळ मिळत असे. वाशिम त्यातलाच. 2023 मध्ये धान्याऐवजी माणशी महिना 150 रुपये खात्यात देण्याचं ठरलं. 2024 मध्ये ते 170 झाले. साधा भागाकार करा. 170 ला 5 ने भागलं की किलोला 34 रुपये. भाव 34 च्या आत असेल तोवर ठीक. त्यापुढे गेला की प्रत्येक रुपयामागे माणशी 5 रुपयांची तूट येते. पाच माणसांच्या घराला ती महिन्याला 25 रुपये. योजना कागदावर तशीच असते, तिच्यातलं धान्य मात्र कमी झालेलं असतं.

कोणी म्हणेल, सर, रोख बरी, माणूस डाळ घेईल, ज्वारी घेईल. बरोबर आहे. निवडीला मोल आहे, ते आम्ही नाकारत नाही. पण 170 रुपयांत जेवढं बसतं तेवढीच ती निवड. शिवाय पैसे उशिरा आले तर त्या महिन्याची चूल उधारीवर पेटते.

मदत आणि हक्क यांतला फरक इथे दिसतो. मदत देणाऱ्याच्या सोयीने ठरते, हक्क घेणाऱ्याच्या गरजेने मोजावा लागतो. म्हणून मागणी दोनच. रोख रक्कम दरवर्षी बाजारभावाशी जोडा आणि रेशनमध्ये डाळ-तेल नियमित आणा. येत्या ग्रामसभेत रुपयांचा आकडा विचारू नका. त्या रुपयांत या महिन्यात किती किलो येतं, ते विचारा.