बातमी सकाळी, हल्ला दुपारी

राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे यांची तिथल्या प्रस्तावित तेल रिफायनरीच्या एका समर्थकाविषयीची बातमी 6 फेब्रुवारी 2023 रोजी छापून आली. त्याच दुपारी त्यांच्या दुचाकीला गाडीने उडवलं. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला; गुन्हा खुनाचा नोंदला गेला.

वारिशेंसारखा तालुक्याचा वार्ताहर बहुधा तुटपुंज्या मानधनावर आणि जाहिरातींच्या कमिशनवर काम करतो. पगार नाही, विमा नाही. तरी नळाला पाणी आलं नाही, रेशन अडलं, की गावकरी त्यालाच फोन लावतात. इतका विश्वास टाकलेल्या माणसाला संरक्षण मिळायलाच हवं.

पत्रकारांवरील हल्ल्यांविरोधातला कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने 2017 मध्ये मंजूर केला. हल्ला अजामीनपात्र गुन्हा. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद, 50 हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जखमी पत्रकाराच्या उपचारांचा खर्चही दोषी हल्लेखोरानेच द्यायचा आहे.