वारली शिकायची? मग आधी ब्रश बाजूला ठेवा!

आमच्या उन्हाळी शिबिरात बाईंच्या मदतीला डहाणूकडची एक तरुण वारली चित्रकार येते. आल्या आल्या तिने पोरांचे ब्रश काढून घेतले! बांबूच्या काडीचं टोक ठेचून कुंचला, तांदळाच्या पिठात पाणी आणि डिंक, खाली गेरूचा कागद. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडले की माणूस उभा. कंबर जराशी कलली की लागला नाचायला. पोरं लगेच नाक-डोळे काढू बघतात. ती थांबवते, कारण इथे सगळा भाव अंगाच्या वळणात. पूर्वी लग्नाच्या वेळी भिंतीवर काढायचं चित्र, म्हणजे लग्नचौक, सवाशिणीच काढत. पुढे वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांनी ही कला जगभर नेली, २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. पोस्टर कलरही चालतो म्हणे, पण पिठाची खरखर त्याला नाही! मुलांना जुनेच कपडे घालून पाठवा, गेरूचे डाग सहज जात नाहीत.