मीठ बेताने खावे

मिठावाचून जेवण अळणी लागते. पण जास्त मीठ अपाय करते. कसा, ते पाहा.

मीठ अंगात पाणी धरून ठेवते. त्यामुळे रक्ताचा दाब वाढतो. पुष्कळदा दुखत-खुपत काही नाही. अन् एके दिवशी अचानक लकवा होतो.

मोठ्या माणसाला दिवसाला 5 ग्रॅमहून कमी मीठ पुरे. म्हणजे चहाच्या एका चमच्याहून थोडे कमीच. लोणचे, पापड, सुकी मासळी यांतले मीठही त्यातच धरा. ताटात वरून मीठ घेऊ नका.

केळी, पालेभाज्या, डाळी यांत पोटॅशियम नावाचे द्रव्य असते. ते जादा मीठ लघवीवाटे बाहेर काढायला मदत करते. मात्र मूत्रपिंडाचा आजार असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा.

आणि दाब मोजून घ्या. मोजल्याशिवाय तो कळत नाही.